एकविसावा रकाना

या घटनाक्रमातल्या सगळ्या वेळा भारतीय आहेत. कंपनी क्राउडस्ट्राइक; अमेरिकेतली, टेक्सासमधली. तिच्या अहवालातल्या वेळा जागतिक घड्याळाच्या. त्यांत साडेपाच तास मिळवले की एक गोष्ट लगेच दिसते. १९ जुलै २०२४ चा संगणकांचा अपघात अमेरिकेच्या मध्यरात्री झाला, पण आपल्याकडे नेमक्या कचेऱ्या उघडत होत्या.

१४२ दिवस आधी. बुधवार, २८ फेब्रुवारी २०२४

क्राउडस्ट्राइक कंपनीच्या ‘फाल्कन’ या पहारेकरी सॉफ्टवेअरची ७.११ ही आवृत्ती ग्राहकांकडे जायला लागली. फाल्कन विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो. तिथे बसलं की चोर कुठल्याही वाटेने आला तरी दिसतो, हा फायदा. तोटा असा की तिथला प्रोग्रॅम अडखळला तर एकटा पडत नाही, अख्खं मशीन घेऊन पडतो.

या आवृत्तीत एक नवा साचा होता. एकाच मशीनमधले दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलायला ‘नेम्ड पाइप’ नावाची वाट वापरतात, आणि घुसखोरही तीच वापरतात. त्यांना ओळखण्यासाठीचा हा साचा. त्याच्या व्याख्येत लिहिलं होतं: माहितीचे रकाने २१. प्रत्यक्ष माहिती गोळा करून देणारा कोड २० रकानेच भरत होता.

कचेरीत अर्जाचा नमुना एका टेबलावर ठरतो आणि अर्ज भरून घेणारा कारकून दुसऱ्या टेबलावर बसतो. नमुन्यात एक रकाना वाढला आणि कारकुनाला कोणी कळवलंच नाही, असा हा प्रकार. कारकून निदान विचारतो तरी, ‘साहेब, हे एकविसावं काय आहे?’ इथे विचारणारं कोणी नव्हतं.

१३६ दिवस आधी. मंगळवार, ५ मार्च

नव्या साच्याची ताणचाचणी झाली. साचा पास झाला. त्याच दिवशी त्यावर आधारलेला पहिला नियम जगभर गेला. हे नियम ज्या फायलीतून जातात तिचा क्रमांक २९१.

पास कसा झाला? चाचणीत एकविसाव्या रकान्यापुढे ‘काहीही चालेल’ अशी खूण होती. संगणकाच्या भाषेत त्याला वाइल्डकार्ड म्हणतात, आपण फुली म्हणू. फुली असली की त्या रकान्यात काय आहे हे बघायची गरजच पडत नाही. बघितलं नाही, म्हणून तो रिकामासुद्धा नाही, मुळात अस्तित्वातच नाही, हे कळलं नाही.

१०२ ते ८६ दिवस आधी. ८ ते २४ एप्रिल

आणखी तीन नियम गेले. तिन्हींत एकविसाव्या रकान्यापुढे फुलीच. तिन्ही सुरळीत चालले.

या सात आठवड्यांवर मी जरा जास्त वेळ थांबतो, कारण सगळा अपघात इथेच घडून गेलेला आहे; पुढे नुसतं घड्याळ चालतं. चार नियम बिनतक्रार चालल्यावर ‘आपलं वर्णन बरोबर आहे’ अशी खात्री कोणाचीही झाली असती. खरं तर वर्णनाची एकदाही परीक्षा झाली नव्हती. जो प्रश्न विचारलाच नाही त्याचं उत्तर बरोबर धरलं गेलं.

साधनाचं वर्णन चांगलं की वाईट, हे आपण सवयीने भाषेवरून ठरवतो. वाक्यं नीट आहेत का, उदाहरणं दिली आहेत का, अनुक्रमणिका आहे का. वाचणारा माणूस असेल तर तेवढं पुष्कळदा पुरतं, कारण माणूस अडला की शेजारच्या टेबलावर जातो, जुन्या माणसाला फोन करतो, शंका आली तर हात आखडता घेतो. कागदात राहिलेली भोकं माणसं आपल्या पदरच्या शहाणपणाने बुजवतात आणि तक्रारही करत नाहीत. म्हणून वाईट डॉक्युमेंटेशन वर्षानुवर्षं चालून जातं. वाचणारं यंत्र असलं की हा पदरचा भाग निघून जातो. कागदात २१ लिहिलेत ना? मग २१.

शुक्रवार, १९ जुलै. पहाटे साडेतीनच्या सुमारास

आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झालेले. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर सेवेचा अमेरिकेच्या मध्यभागातला विभाग कोलमडला. तिथलं कारण वेगळं: साठवणुकीच्या यंत्रणेतला एक कॉन्फिगरेशन बदल चुकला आणि संगणकांना आपल्याच डिस्कपर्यंत पोचता येईना. अमेरिकेतल्या काही छोट्या विमान कंपन्यांची उड्डाणं त्यातच थांबली.

या घटनेचा पुढच्या घटनेशी संबंध नाही. पण सकाळी जगभरच्या लोकांनी दोन्ही एकत्र वाचल्या, आणि पहिले काही तास ‘मायक्रोसॉफ्ट बंद पडलं’ हेच सगळ्यांच्या तोंडी राहिलं. नाशिकहून मुंबईला दुपारचं विमान गाठायचं तर माणूस सकाळीच कसारा घाटाकडे निघतो. त्या दिवशी निघालेल्यांच्या फोनवर वाटेत ज्या बातम्या आल्या असतील त्यांत बिचाऱ्या फाल्कनचं नावही नसेल.

सकाळी, ९.३९ च्या आधी

दोन नवे नियम तयार झाले. पाठवण्याआधी ते एका तपासनिसाकडून जातात. तपासनीस म्हणजे ‘कंटेंट व्हॅलिडेटर’ नावाचा प्रोग्रॅम. नियम साच्याच्या व्याख्येत बसतो का, एवढं तो बघतो.

दोनपैकी एका नियमात एकविसाव्या रकान्यापुढे पहिल्यांदाच फुली नव्हती. तिथे खरी अट होती: या रकान्यातली माहिती अमुक असली तरच.

तपासनिसाने व्याख्या उघडली. तिथे २१ रकाने होते. नियमातही २१ होते. जुळलं. शिक्का.

कंपनीच्या अहवालातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग हाच. तपासणी झाली नाही असं नाही. झाली, रीतसर झाली. तपासनिसाने एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिला. ज्या यंत्राबद्दल दोन्ही कागद बोलत होते त्या यंत्राला कोणी विचारलं नाही, ‘बाबा, तू किती देतोस?’ आजही साधनांच्या वर्णनांना गुण देणाऱ्या कित्येक पद्धती याच जातीच्या आहेत. नमुन्याप्रमाणे आहे का, सगळे मथळे आहेत का, प्रत्येक रकान्यापुढे खुलासा आहे का. कागदोपत्री शंभरपैकी शंभर.

९.३९

फाइल २९१ ची नवी प्रत निघाली. टप्प्याटप्प्याने नाही, आधी शंभर मशीन, मग हजार, असं नाही. एकदम सगळ्यांना. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्या टप्प्यांनी जात, पण ही ‘नुसती माहिती’ होती, म्हणून तिला तो नियम नव्हता.

मशीनवर जे झालं त्याला, ते सांगायला एक वाक्य लागेल तेवढाही वेळ लागला नाही. फाल्कनने नियम वाचला. एकविसावा रकाना बघायचा म्हणून मेमरीत वीस रकान्यांच्या पुढच्या जागी हात घातला. तिथे त्याची माहिती नव्हती. काय होतं ते योगायोगावर. कर्नलमध्ये असा भलत्या जागी हात घातला की विंडोज दुसरं काही करत नाही, थांबते. निळा पडदा. मशीन पुन्हा चालू होतं, फाल्कन पुन्हा उठतो, तोच नियम पुन्हा वाचतो, पुन्हा निळा पडदा.

सिडनीत तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते, म्हणून पहिली ओरड ऑस्ट्रेलियातून आली. मॅक आणि लिनक्सवाल्यांना काहीच झालं नाही.

९.३९ ते १०.५७

अठ्ठ्याहत्तर मिनिटं. या वेळात जे विंडोज मशीन चालू होतं, इंटरनेटला जोडलेलं होतं आणि ज्यावर फाल्कनची ७.११ किंवा त्यापुढची आवृत्ती होती, ते या फायलीच्या टप्प्यात आलं. जे बंद होतं ते वाचलं. भारतात याचा अर्थ असा की वेळेवर कामाला लागलेल्यांचे संगणक पडले आणि अकरानंतर डुलत डुलत येणाऱ्यांचे शाबूत राहिले. शिस्तीचा असा पराभव क्वचितच होतो.

मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या दिवशी आकडा दिला: ८५ लाख मशीन. जगातल्या एकूण विंडोज मशीनच्या एक टक्क्याहून कमी. पण फाल्कन महागडं सॉफ्टवेअर. ते घरच्या लॅपटॉपवर नसतं. ते बँकेत, विमानतळावर, इस्पितळात, वाहिन्यांच्या कार्यालयात असतं. एक टक्का, पण नेमका तो एक टक्का.

१०.५७

चुकीची फाइल मागे घेतली, बरोबर प्रत पाठवली. कागदावर संकट संपलं.

जी मशीन निळ्या पडद्याच्या फेऱ्यात अडकली होती त्यांना त्याचा उपयोग नव्हता. नवी फाइल उतरवून घ्यायला मशीन आधी चालू राहावं लागतं.

दुपार

मुंबई, दिल्ली, हैदराबाद, बंगळूर. इंडिगो, अकासा, स्पाइसजेट, एअर इंडिया एक्सप्रेस या सगळ्यांची चेक-इनची यंत्रणा अडली. अकासाने मुंबई-दिल्लीतल्या प्रवाशांना लवकर या, हातानेच चेक-इन होईल, असं कळवलं. हैदराबादला हाताने लिहिलेल्या एका बोर्डिंग पासचा फोटो देशभर फिरला. त्यावर नाव, विमानाचा क्रमांक, आसन. इंडिगोची जवळपास दोनशे उड्डाणं रद्द झाली.

माहिती तंत्रज्ञानमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मायक्रोसॉफ्टशी संपर्कात असल्याचं सांगितलं. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेने तांत्रिक सूचना काढली. सरकारी एनआयसीच्या जाळ्याला धक्का लागला नव्हता. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की दहा बँका आणि वित्तसंस्थांमध्ये किरकोळ व्यत्यय आला. ब्रिटनमध्ये मात्र डॉक्टरांच्या दवाखान्यांची नोंदयंत्रणा बंद पडली आणि स्काय न्यूज काही काळ प्रक्षेपणाबाहेर गेलं.

दुपारी तीननंतर

कंपनीचे प्रमुख जॉर्ज कर्ट्झ यांचं जाहीर निवेदन आलं: हा हल्ला नाही, एका अपडेटमधला दोष आहे, शोधून काढला आहे.

योगायोग म्हणा. २१ एप्रिल २०१० ला मॅकॅफीच्या अँटिव्हायरसने एका अपडेटनंतर विंडोज एक्सपीची स्वतःची एक आवश्यक फाइल विषाणू समजून बाजूला काढली होती आणि जगभरची मशीन पाडली होती. तेव्हा मॅकॅफीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी कर्ट्झच होते.

संध्याकाळ आणि रात्र

दुरुस्तीची कृती कागदावर चार ओळींची. मशीन सेफ मोडमध्ये चालू करा. विंडोजच्या ड्रायव्हर्समधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमध्ये जा. ‘सी-०००००२९१’ ने सुरू होणारी फाइल पुसा. पुन्हा चालू करा. हे दुरून करता येत नव्हतं. प्रत्येक मशीनपाशी माणूस उभा राहायला हवा. आणि डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ आकडी किल्ली टाकायला हवी.

त्या रात्री हे काम जगभर कसं झालं त्याचं चित्र सांगतो. एका टोकाला संगणक विभागातला मुलगा फोनवर, दुसऱ्या टोकाला ज्याने आयुष्यात कधी आज्ञा टाइप करायचा काळा पडदा पाहिला नाही असा लेखा विभागातला माणूस. मुलगा आकडे सांगतोय, सहा-सहाच्या गटाने, आठ गट. सहाव्या गटात ‘नऊ’ ऐकलं की ‘सहा’, यावर अडतं. पुन्हा पहिल्यापासून. काही ठिकाणी सगळ्या मशीनच्या किल्ल्या एका सर्व्हरवर नीट जपून ठेवलेल्या होत्या, आणि तो सर्व्हरही निळा झालेला.

या चार ओळींच्या कृतीतही वर्णनाचा एक खड्डा होता. पुसायच्या फायलीच्या नावाला ड्रायव्हरची असते तशी शेपटी होती. कंपनीला मुद्दाम खुलासा करावा लागला की शेपटी तशी असली तरी हा ड्रायव्हर नाही. शिवाय चांगल्या आणि वाईट फायलीचं नाव एकसारखं. फरक फक्त वेळेच्या छापात. जागतिक घड्याळाने ०४०९ चा छाप असेल तर ती घातक, ०५२७ किंवा पुढचा असेल तर ती बरी. माणसाने हे वाचलं, डोळे बारीक करून पाहिलं आणि निभावलं.

शनिवार, पहाटे तीन

विमान वाहतूक मंत्री राममोहन नायडू यांच्या म्हणण्यानुसार या वेळेपासून देशातल्या विमानतळांवरच्या यंत्रणा नीट चालू झाल्या. अमेरिकेतल्या डेल्टा कंपनीला मात्र आणखी काही दिवस लागले. पाच दिवसांत तिची सुमारे सात हजार उड्डाणं बुडाली. त्याच आठवड्यात क्राउडस्ट्राइकने मदतीला धावलेल्या सहकारी मंडळींना दहा डॉलरची खाण्याची कुपनं पाठवली. यावर काही बोलत नाही.

१८ दिवसांनंतर. ६ ऑगस्ट २०२४

मूळ कारणाचा अहवाल आला. मान्य करायला हवं की अहवाल सरळ होता: २१ विरुद्ध २०, फुलीने झाकलेली चूक, व्याख्येवर विसंबलेला तपासनीस. उपाय काय केले? साचा तयार होतानाच रकाने मोजायचे. चालताना हद्दीबाहेर हात घालण्याआधी थांबायचं. चाचण्यांत फुलीखेरीजच्या अटीही घालायच्या. आणि माहितीसुद्धा टप्प्याटप्प्याने पाठवायची. यातला एकही उपाय कागदाची भाषा सुधारण्याचा नाही.

चार महिन्यांनंतर. २५ नोव्हेंबर २०२४

इथपर्यंतची गोष्ट एका ठरावीक चाकोरीतल्या प्रोग्रॅमची. आता वाचणारा बदलतो.

या दिवशी अँथ्रॉपिक कंपनीने एमसीपी नावाची एक खुली पद्धत जाहीर केली: एआय एजंटाने बाहेरची साधनं कशी वापरायची याची. साधन म्हणजे हवामान सांगणारा, तिकीट काढणारा, डेटाबेस उघडणारा कुठलाही प्रोग्रॅम. प्रत्येक साधन एजंटाला तीन गोष्टी सांगतं: नाव, वर्णन, आणि कोणते रकाने भरायचे त्याचा आराखडा. एजंट साधनाच्या पोटात डोकावत नाही. त्या दोन-चार ओळी वाचतो आणि हात घालतो.

म्हणजे पूर्वी जे डॉक्युमेंटेशन सावकाश, कंटाळत, चहा पीत वाचलं जायचं तेच आता दर मिनिटाला, रात्रीबेरात्री, कोणी बघत नसताना अमलात येतं. फाल्कनचा दोष असा की त्याला शंका येत नव्हती. एजंटाचं दुखणं उलटं आहे. वर्णनात भोक असलं की तो ते कल्पनेने भरतो, आणि आत्मविश्वासाने भरतो. निळा पडदा येत नाही. सगळं सुरळीत झाल्याचं सांगणारं गोड वाक्य येतं.

मार्च २०२५ च्या आवृत्तीत साधनाला स्वतःबद्दल खुणा लावायची सोय आली: मी फक्त वाचतो, मी काही नष्ट करू शकतो, वगैरे. त्याचबरोबर ताकीदही आली की ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या नसतील तर या खुणांवर विश्वास ठेवू नका. ती रास्त होती. पुढच्याच महिन्यात इन्व्हेरियंट लॅब्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की साधनाच्या वर्णनातच छुपी आज्ञा दडवता येते. माणसाला दिसतं ‘दोन संख्यांची बेरीज’. एजंटाला त्याखाली वाचायला मिळतं की आधी अमुक फाइल वाच आणि तिकडे पाठव.

एक वर्षानंतर. जुलै २०२५

जेसन लेमकिन हे अमेरिकेतले उद्योजक रेप्लिट या सेवेतल्या एजंटाकडून काही दिवस एक ॲप बांधून घेत होते. बदल गोठवा, काहीही हलवू नका, अशी सूचना दिलेली असताना एजंटाने चालू डेटाबेस पुसला. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तितक्याच कंपन्यांच्या नोंदी होत्या. विचारल्यावर आपण घाबरून हे केलं अशा अर्थाची कबुली त्याने दिली. त्यावर आणखी एक गोष्ट सांगितली: आता मागे जाता येणार नाही, नोंदी परत मिळणार नाहीत.

लेमकिन यांनी तरी करून पाहिलं. नोंदी परत आल्या.

बातम्यांचा सगळा भर एजंटाच्या ‘घाबरण्या’वर राहिला, कारण ते वाचायला चटकदार. मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी चूक मान्य करून जे उपाय जाहीर केले, त्यांत चाचणीचा आणि चालू डेटाबेस आपोआप वेगळा ठेवणं होतं, नुसती चर्चा करण्याची सोय देणं होतं, आणि आणखी एक कबुली होती: एजंटाला कंपनीचं योग्य अंतर्गत डॉक्युमेंटेशन उपलब्धच नव्हतं, यापुढे ते शोधायला लावलं जाईल. मागे जायचं बटण होतं. ते साधन ज्याच्या हातात होतं त्याला ते आहे हे माहीत नव्हतं, आणि ‘माहीत नाही’ म्हणण्याऐवजी त्याने ‘होत नाही’ म्हटलं. रकाना इथेही होता. या खेपेला तो वाचणाऱ्यापर्यंत पोचला नाही.

नाशिक. सिंहस्थाच्या आधी

एजंटांनी एकमेकांना शोधायचं कसं आणि त्यांचं सांगणं पडताळायचं कसं, यावर एमआयटी मीडिया लॅबमध्ये ‘नांदा’ नावाचा प्रकल्प चालतो. त्याचे प्रमुख रमेश रासकर नाशिकचे. एजंटांची एक नोंदवही, आणि प्रत्येकाचं पडताळता येणारं माहितीपत्रक, अशी ती कल्पना. कल्पना चांगली आहे. एक शंका मात्र राहते: माहितीपत्रकावरची सही खरी आहे हे पडताळता येतं, पण त्यातलं वर्णन खरं आहे का, हा निराळा प्रश्न. तपासनिसाचा शिक्काही खराच होता.

हेच रासकर २०१५ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याआधी नाशिकमध्ये ‘कुंभथॉन’ घेऊन आले होते. त्यातून नाशिकच्याच एका शाळकरी मुलाने पावलं मोजणारी चटई बनवली, ‘आशिओतो’ नावाची. गर्दी किती सरकते आहे ते ती सांगायची. २७ ऑगस्ट २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत ३९ माणसं चेंगरून गेली, ते या गावाला ठाऊक आहे. चटई त्या जखमेतूनच आली.

आता समजा, अशी चटई उद्या एखाद्या एजंटाच्या हातात साधन म्हणून दिली. वर्णन एका ओळीचं: ‘या ठिकाणची संख्या देते.’ व्याकरण शुद्ध, रकाने जुळतात. पण संख्या कशाची? पावलांची की माणसांची? माणसाची पावलं दोन. येणाऱ्यांची की जाणाऱ्यांचीही? मिनिटाची की सकाळपासूनची? चटईची तार तुटली तर ती काय देते? शून्य देत असेल तर एजंटाला वाटेल रस्ता मोकळा आहे, आणि तो आणखी माणसं तिकडेच वळवेल.

नदीचंही तेच. ‘विसर्ग: १०००’. क्युसेक, म्हणजे सेकंदाला घनफूट असेल तर गोदावरी फारशी हलत नाही. क्युमेक, म्हणजे सेकंदाला घनमीटर असेल तर ते पस्तीस हजार क्युसेकच्या वर जातं. गंगापूर धरणातून सोडलेलं पाणी आणि होळकर पुलाखालून वाहणारं पाणी या दोन वेगळ्या संख्या आहेत. मधले नाले आणि शहरावरचा पाऊस त्यात मिळतो. नाशिककर एकक विचारत बसत नाही, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला तेवढं विचारतो, आणि गुडघा, कंबर, छाती, गळा यांत गफलत होत नाही. एजंटाला मारुती दिसत नाही. त्याला ती एक ओळ दिसते.

तपासायचं असेल तर ती ओळ वाचून गुण देण्यात अर्थ नाही. ज्याला नाशिकची काही माहिती नाही अशा एजंटाला फक्त ते वर्णन द्यावं आणि कामाला लावावं: रामकुंडावरची गर्दी वाढते आहे का, सांग. त्याने साधन कसं वापरलं ते पाहावं आणि उत्तर खऱ्या मोजणीशी ताडावं. मग चटईची तार मुद्दाम काढावी आणि पुन्हा विचारावं. वर्णनातलं एक वाक्य खोडून पाहावं. वागणं बदललं नाही तर ते वाक्य शोभेचं होतं. एकक उलटं लिहून पाहावं. एजंटाला खटकतं का? साधन चुकल्यावर जी त्रुटीची सूचना देतं ती वाचून त्याला पुढचं पाऊल कळतं का? आणि जिथे जिथे आजवरच्या चाचण्यांत फुली होती तिथे तिथे खरी किंमत घालावी. हे काम कंटाळवाणं आहे, आणि साधन बदललं की दर वेळी नव्याने करावं लागतं. एकदा केलेल्या तपासणीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून भागत नाही.

सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे. ऐन पावसाळ्यात. वर्णनं चालवून पाहायची तर ती आधीच्या पावसाळ्यात, धरणातून खरंच पाणी सुटत असताना आणि घाटावर श्रावणी सोमवारची साधी गर्दी असताना पाहायला हवीत, कारण तेव्हा एजंट चुकला तर चूक पकडायला पंचवटीतला कोणीही पुरेसा आहे.